हॅमॉकमध्ये मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांत टांगलेल्या कापडी झोळीत, रात्र काढायला मी शिकले ती जुन्या, मुरलेल्या मंडळींच्या शेजारी हॅमॉक बांधून. त्यांनी सांगितलेलं, त्यांना करताना पाहिलेलं आणि मग स्वतः पारखून घेतलेलं असं सगळं इथे आहे. प्रश्न मात्र तुमचेच आहेत, जे पुन्हा पुन्हा येतात ते. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हॅमॉकमध्ये पाठ धनुष्यासारखी वाकते. तशा अवस्थेत रात्रभर झोप कशी लागते?

पाठ वाकते, कारण आपण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अगदी मधल्या रेषेत झोपतो. तसं झोपायचं नसतं. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, असं साधारण १५ ते ३० अंश तिरकं व्हायचं. तिरकं होताच कापड खांद्यांखाली आणि टाचांखाली पसरतं, कंबर वर येते आणि शरीर जवळजवळ सपाट होतं. 'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांच्या बोलीतून स्पॅनिशमध्ये आला आणि तिथून सगळीकडे गेला. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच अंथरूण आहे ती माणसं तिरकीच झोपतात. डोकं डावीकडे की उजवीकडे, हे ज्याचं त्याने दोन्ही करून ठरवायचं. पण अंडरक्विल्ट (हॅमॉकच्या खालून लटकवायची रजई, प्रश्न १०) आणि मच्छरदाणीची चेन कधीकधी एकाच बाजूसाठी शिवलेली असते, म्हणून सामान घेण्याआधी आपली बाजू माहीत असलेली बरी.

तिरकं होण्यासाठी कापडात ढिलेपणा लागतो. तो कुठून येतो ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. सुरुवातीला काय काय घ्यावं लागतं?

हॅमॉक, झाडाला गुंडाळायच्या पट्ट्यांची जोडी, पाठीखाली ऊब देणारं काहीतरी, अंगावर घ्यायचं पांघरूण, टार्प (वर ताणायचं, पाऊस अडवणारं कापड) आणि मच्छरदाणी. हौशी माणूस सगळ्यात जास्त पैसे हॅमॉकच्या कापडावर घालतो आणि पाठीखालची ऊब विसरतो. माझं मत उलट आहे. साधा पण पुरेसा लांब हॅमॉक चालेल. पट्टे आणि पाठीखालची ऊब यांत कसर करू नका. आणि काहीही विकत घेण्याआधी कुणाच्या तरी हॅमॉकमध्ये अर्धा तास पडून बघा. हॅमॉकवाली माणसं आपला हॅमॉक आनंदाने पडून बघायला देतात.

३. हॅमॉकची लांबी किती हवी? 'डबल' घेऊ का?

रुंदीपेक्षा लांबी महत्त्वाची. साधारण उंचीच्या माणसाला ३.३ मीटरच्या आसपासचा हॅमॉक बरा पडतो. पावणेतीन मीटरच्या आतले हॅमॉक दुपारी पुस्तक वाचत पडायला छान, पण रात्री त्यांत तिरकं व्हायला जागाच उरत नाही. तुम्ही सहा फुटांच्या वर असाल तर आणखी लांब बघा.

'डबल' या शब्दाचा अर्थ दोघांनी झोपायचा असा नाही, फक्त कापड रुंद आहे असा आहे. दीड मीटरच्या आसपासची रुंदी एकट्याला पुरते. त्याहून फार रुंद असेल तर कडेचं कापड तोंडावर येऊन लोळत राहतं. दोघांचं काय, ते प्रश्न १७ मध्ये.

कापड म्हणाल तर रिपस्टॉप (चौकडीच्या मजबूत विणीचं) नायलॉन हलकं, मऊ आणि थोडं ताणणारं असतं. पॉलिएस्टर कमी ताणतं. सुती कापड अंगाला फार सुखाचं वाटतं, पण ते जड असतं आणि एकदा भिजलं की वाळता वाळत नाही. मुक्कामासाठी मी ते नेत नाही.

४. दोन झाडांत अंतर किती असावं आणि पट्टा किती उंचीवर बांधायचा?

चार ते पाच मीटर अंतर सोयीचं. पावलांनी मोजायचं तर साधारण सहा पावलं. साडेचार मीटर अंतर असेल तर पट्टा सुमारे पावणेदोन मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या डोक्याच्या पातळीला येतो. अंतर एक मीटरने वाढलं की पट्टा दोन्हीकडे सुमारे ३० सेंटिमीटर वर न्यावा लागतो. म्हणूनच सात मीटरवरची झाडं डोळ्यांना सुंदर दिसली तरी तिथे हात पुरत नाही.

बसल्यावर हॅमॉक खुर्चीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास यावा. बसताना पाय टेकले पाहिजेत. आपण ज्या उंचीवरून पडायला तयार नाही त्या उंचीवर झोपू नये, हा जुन्या लोकांचा नियम मी कधी मोडलेला नाही.

५. घट्ट ताणून बांधला तर हॅमॉक सपाट होईल ना? मग सगळे ३० अंश ३० अंश का म्हणतात?

नवख्याची नव्वद टक्के दुखणी या एका गैरसमजातून येतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

घट्ट ताणलेल्या हॅमॉकच्या दोन्ही कडा दोरीसारख्या ताठ होतात आणि मधे खोल घळ तयार होते. त्या घळीत माणूस मधल्या रेषेत अडकतो, खांदे आवळले जातात आणि तिरकं होता येत नाही. ढिला, हसऱ्या ओठांसारखा लोंबणारा हॅमॉकच सपाट झोपू देतो. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. दोन्ही करून बघितलं की पाच मिनिटांत पटतं.

दुसरं कारण ताणाचं. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांवर असेल तर प्रत्येक पट्ट्यावर येणारा ताण तुमच्या वजनाइतका असतो. ८० किलोचा माणूस धरा: ३० अंशांवर प्रत्येक बाजूला ८० किलो, १५ अंशांवर सुमारे १५५, १० अंशांवर २३० आणि ५ अंशांवर साडेचारशेच्या वर. माणूस तोच, हॅमॉक तोच, फक्त पट्टा आडवा झाला. शिवाय हा स्थिर पडलेल्या माणसाचा हिशोब आहे. धपकन बसलं की आकडे आणखी वाढतात. शिवण उसवणं, दोरी तुटणं, बारीक झाड वाकणं यांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. अंगठा आणि तर्जनी ताणून पिस्तुलासारखा हात करा आणि तर्जनी आडवी धरा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची कल्पित तिरकी रेघ ३० अंशांच्या जवळपास असते. ती पट्ट्याशी जुळवून बघा. हॅमॉकमध्ये वजन असताना बघायचं, रिकामा असताना नाही.

६. रिजलाइन म्हणजे काय? ती लागतेच का?

हॅमॉकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, झोपलेल्या माणसाच्या वरून जाणारी ठरावीक लांबीची न ताणणारी दोरी म्हणजे रिजलाइन. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के ठेवतात. ३.३ मीटरच्या हॅमॉकला २.७४ मीटर. झाडं जवळ असोत की लांब, हॅमॉकचा झोळ रोज तेवढाच राहतो. काल लागलेली झोप आज पुन्हा त्याच मापात मिळते, हा तिचा खरा फायदा.

लागतेच असं नाही, पण नवख्याने लावावी. झोपल्यावर ती दोन बोटांनी चिमटून थोडी वाकवता आली पाहिजे. गिटारच्या तारेसारखी ताठ असेल तर पट्टे फार आडवे झालेत. पार लोंबत असेल तर पट्टे फार उभे आहेत. चष्मा, टॉर्च, टोपी अडकवायलाही ती उपयोगी पडते.

७. झाड कसं निवडायचं?

आधी वर बघा, मग खोडाकडे. वाळलेली किंवा मोडून अडकून राहिलेली फांदी डोक्यावर असेल तर ती जागा सोडायची, मग बाकी सगळं कितीही मनासारखं असो. शेजारच्या झाडांवरही नजर टाका, कारण फांदी वाऱ्याने तिरकी येते.

खोड निदान १५ ते २० सेंटिमीटर जाड आणि जिवंत हवं. वाळलेल्या झाडाला कधीच बांधू नका. वरून ते धडधाकट दिसतं आणि बुंध्याशी कुजलेलं असतं. मुठीने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका, बुंध्यापाशी अळंबी उगवली आहेत का पाहा, मग दोन्ही हातांनी जोरात ढकलून बघा. शेंडा हलला तर दुसरं झाड शोधा. मुंग्यांची रांग आणि मधमाश्यांचं पोळंही याच वेळी दिसतं, रात्री नाही.

८. थेट दोरीच बांधली तर काय बिघडतं? झाडाला खरंच इजा होते का?

होते. सालीच्या लगेच आतल्या थरातून झाडाचं अन्न वाहतं आणि तिथेच खोडाची वाढ होते. बारीक दोरीवर तुमचं वजन आलं की ती सालीत रुतते आणि हा थर चिरडतो. पट्टा निदान अडीच सेंटिमीटर रुंद हवा. मऊ किंवा पातळ सालीच्या झाडांना पाच सेंटिमीटरचा द्या. पट्टा पिळलेला नसावा, सपाट बसावा. खिळा, हूक, स्क्रू यांचा विचारही नको.

पट्टा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉनचा पट्टा वजनाने ताणतो आणि भिजल्यावर आणखी ताणतो; खुर्चीच्या उंचीला झोपलेला माणूस पहाटे जमिनीला टेकतो. काही उद्यानांत आणि राखीव जंगलांत झाडाला काहीही बांधायला मनाई असते. तिथल्या माणसांना आधी विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर प्रश्न १८ आहेच.

९. मला गाठी येत नाहीत. चालेल का?

चालेल. साखळीसारखे फासे शिवलेला पट्टा आणि दोन कॅराबिनर (दाबून उघडणाऱ्या धातूच्या कड्या) एवढ्यात काम होतं. कॅराबिनर वजन तोलणारे हवेत, भारक्षमता कोरलेले. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसले शोभेचे नकोत.

पुढे हलकं सामान हवंसं वाटलं की डायनीमाची (एका फार मजबूत कृत्रिम धाग्याची) व्हूपी स्लिंग बघा. ही दोरी तीनेक मिलिमीटर जाडीची असूनही काहीशे किलो पेलते आणि ओढून हवी तेवढी लहान-मोठी करता येते. तिचे दोन दोष लक्षात ठेवा: ती इतकी गुळगुळीत असते की साध्या गाठी तिच्यात सरकतात, म्हणून ती गुंफून जोडतात, आणि ती साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे शेकोटीची ठिणगी आणि दोरीवर दोरी घासणं दोन्ही टाळायचं. ती पट्ट्याला जोडा, झाडाभोवती गुंडाळू नका.

टार्पसाठी मात्र एक गाठ शिकाच, प्रुसिक. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाची ही गाठ १९३१ पासून प्रसिद्ध आहे. मोकळी असताना सरकते, ताण आला की जागच्या जागी धरते.

१०. स्लीपिंग बॅग चांगली असूनही पाठ आणि बूड गारठतं. असं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि माझी स्वतःची पहिली थंड रात्रही अशीच गेली. बाहेर फार थंडी नव्हती, १४ अंशांच्या आसपास असेल. पहाटे तीनला जाग आली तेव्हा छातीवर घाम होता आणि पाठ बधिर. मी हात पाठीखाली घातला. वर फुगलेली तीच बॅग खाली कागदासारखी चपटी झाली होती; बोटांना एका बाजूला माझा शर्ट आणि दुसऱ्या बाजूला थंडगार कापड लागत होतं, मधे काहीच नाही.

ऊब पिसांमुळे किंवा फायबरमुळे मिळत नाही, त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे मिळते. अंगाखाली दबून हवा निघून गेली की ऊबही गेली. जमिनीवर निदान वारा खालून वाहत नाही. हॅमॉकमध्ये तो चोवीस तास वाहतो. म्हणून रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली गेलं की बहुतेकांना पाठीखाली काहीतरी लागतंच.

उपाय दोन. पहिला कॅरीमॅट, म्हणजे अंथरायची फोमची चटई. स्वस्त, न फुटणारी, पावसाला न घाबरणारी. पण ती रात्री सरकते, खांद्यांना पुरत नाही आणि तिच्यावर घाम येतो. दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर दोन थरांच्या मधे घाला, सरकणं बरंच थांबतं. खांद्यांसाठी मॅटचा एक तुकडा कापून आडवा लावतात.

दुसरा उपाय अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खालून लटकवायची रजई. तिच्यावर वजन येत नाही म्हणून ती फुगलेली राहते. पाऊण लांबीची घेतली तर खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत पुरते आणि पायांखाली मॅटचा छोटा तुकडा चालतो. महाग वस्तू आहे, पण ज्यांनी ती वापरली त्यांतले फार थोडे मॅटकडे परतले. मीही नाही. पहिल्या हंगामात मात्र मॅटवरच शिका, कारण झाडं मिळाली नाहीत तर तीच कामाला येते.

वरून पूर्ण बंद स्लीपिंग बॅगची गरज नसते. चेन उघडून ती पांघरुणासारखी घ्या आणि पायाकडे पिशवीसारखी राहू द्या. हॅमॉकमध्ये बॅगेत शिरण्याची धडपड वाचते.

११. अंडरक्विल्ट लावली, तरी थंडी वाजते. आता काय?

मधे फट आहे. क्विल्ट ढिली असेल तर तिच्या आणि कापडाच्या मधून वारा वाहतो. फार आवळलेली असेल तर ती दबते आणि प्रश्न १० मधलीच गत होते. आत झोपून सोबत्याला खालून हात लावायला सांगा. क्विल्ट सगळीकडे कापडाला नुसती टेकलेली हवी, दाबलेली नको. एकटे असाल तर आत पडून कडेवरून हात खाली घाला. कमरेपाशी मोकळी जागा लागली तर लटकवायच्या दोऱ्या थोड्या आवळा. दोन्ही टोकांच्या चुण्याही बंद करा, थंड हवा बहुधा तिथूनच शिरते.

हे सगळं ठीक असूनही वाजत असेल तर टार्प खाली ओढा. वारा क्विल्टमधली ऊब चोरतो.

१२. टार्प किती मोठा आणि कसा बांधायचा?

टार्पची मधली रेघ हॅमॉकच्या टांगलेल्या लांबीपेक्षा दोन्हीकडे निदान १५ सेंटिमीटर जास्त हवी, ३.३ ते ३.६ मीटरचा टार्प बहुतेकांना पुरतो. चौकोनी टार्प पत्त्यातल्या चौकटीसारखा तिरका टांगला की हलका पडतो पण उडत्या पावसात अपुरा. षटकोनी टार्प मला सगळ्या ऋतूंत बरा वाटतो.

पावसाची चिन्हं असतील तर टार्प आधी, हॅमॉक नंतर. सकाळी उलट क्रम. ओल्यात पोचलात तरी कोरड्यात काम करता येतं. टार्पची दोरी हॅमॉकच्या पट्ट्याच्या थोडी वर बांधा आणि लक्षात ठेवा, माणूस आत पडला की हॅमॉक खाली जातो, टार्प जात नाही. झोपून वर बघा. टार्प फार उंच वाटला तर उतरवा.

१३. टार्प मोठा होता, तरी पट्ट्यावरून पाणी आत आलं. कसं?

पाणी खोडावरून उतरतं, पट्टा पकडतं आणि उताराने थेट तुमच्याकडे येतं. मी एकदा टॉर्च धरून बघत बसले होते. थेंब पट्ट्याच्या खालच्या कडेने सरकत आला, कॅराबिनरपाशी थांबला, मागून आलेले दोन थेंब त्याला मिळाले, तो लांबट झाला आणि खाली गळून पडला. कॅराबिनरने वाट मोडली होती. जिथे अखंड दोरी असते तिथे थेंब थांबत नाही, तो कापडात शिरतो.

म्हणून टार्पच्या आत, हॅमॉकच्या टोकाआधी, पट्ट्याला सुतळीचा किंवा बुटाच्या नाडीचा बोटभर तुकडा बांधून लोंबता ठेवा. पाणी त्यावरून गळतं. दोन्ही बाजूंना बांधा, आणि तो टार्पच्या छायेतच हवा. बाहेर बांधला तर त्याच्या पुढे पुन्हा पाऊस पडतो. टार्पच्या मधल्या दोरीलाही हेच.

१४. डास खालून कापडातून चावतात. मच्छरदाणी असून काय उपयोग?

एकेरी पातळ कापड अंगाला ताणून बसलं की डासाची सोंड त्यातून जाते, हे खरं आहे. अंडरक्विल्ट किंवा मॅट असेल तर खालून चावणं थांबतं. उन्हाळ्यात ते नको असेल तर दुहेरी कापडाचा हॅमॉक घ्या किंवा चारी बाजूंनी पिशवीसारखी चढणारी जाळी वापरा. कापडाच्या बाहेरच्या बाजूला परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून पूर्ण वाळवणं हाही खात्रीचा उपाय आहे. ओलं असताना ते मांजरांना आणि पाण्यात गेलं तर माशांना विषारी ठरतं, म्हणून घरातल्या मांजरापासून आणि ओढ्यापासून लांब फवारा. जाळी तोंडाला चिकटत असेल तर ती रिजलाइनवर (प्रश्न ६) टांगा.

१५. रात्री मी पायाकडे घसरतो आणि सकाळी गुडघे दुखतात.

घसरणं थांबवायला पायाकडचं टोक डोक्याकडच्यापेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच बांधा. धड पायांपेक्षा जड असतं, त्यामुळे दोन्ही टोकं समान असली की आपण हळूहळू खाली सरकतो.

गुडघ्यांचं कारण वेगळं. पोटऱ्यांखाली कापडाची ताठ कड येते, टाचा उचलल्या जातात आणि गुडघा रात्रभर उलटा ताणलेला राहतो. गुडघ्याखाली गुंडाळलेलं जॅकेट ठेवा, थोडे जास्त तिरके व्हा किंवा झोपायची बाजू बदला. तरीही जात नसेल तर हॅमॉक तुमच्या उंचीला तोकडा आहे. प्रश्न ३ पुन्हा वाचा.

१६. मी कुशीवर झोपते. पोटावर झोपायची सवय असेल तर?

तिरकं होऊन गुडघे थोडे पोटाशी घेतले की कुशीवर छान झोपता येतं. पोटावर मात्र साध्या हॅमॉकमध्ये जमत नाही. दोन्ही टोकांना आडवी काठी असलेला ब्रिज हॅमॉक किंवा पट्ट्यांच्या रेषेला काटकोनात झोपायचा हॅमॉक करून बघा. बागेत दिसणारा लाकडी दांड्यांचा, दोऱ्यांचा सपाट हॅमॉक यातला नव्हे. त्यात शरीराचा भार टांगलेल्या रेषेच्या वर जातो आणि तो चटकन उलटतो.

१७. दोघांनी एकात झोपता येतं का? लहान मुलांचं काय?

गप्पा मारता येतात, झोपता येत नाही. दोघंही घरंगळत मधे येतात आणि तिरकं कुणालाच होता येत नाही. दोघांचे दोन हॅमॉक त्याच दोन झाडांना शेजारी शेजारी बांधा, खोडं चांगली जाड असतील तर. तीन झाडांचा त्रिकोण मिळाला तर तिघांचं काम होतं.

एकावर एक हॅमॉक टांगलेली छायाचित्रं पाहून ते करावंसं वाटेल. करू नका. वरचा माणूस पडला तर खालच्यावर पडतो.

मूल स्वतः चढू-उतरू शकत असेल तर त्याला त्याचा वेगळा, गुडघ्याच्या उंचीचा हॅमॉक द्या आणि जाळीच्या लोंबत्या दोऱ्या आधी काढून टाका. तान्ह्या बाळाला यात झोपवू नका. त्याला सपाट, घट्ट अंथरूण लागतं. इथे मान वाकून श्वास अडू शकतो.

१८. झाडंच नसतील तर?

जमिनीवर या. चालायच्या दोन काठ्यांवर टार्प उभा करा, खाली कॅरीमॅट, वर पांघरूण, आणि हॅमॉक अंथरुणासारखा पसरा. जाळी वरच्या दोरीला टांगा. फक्त अंडरक्विल्टच्या भरवशावर निघालेल्याची इथे पंचाईत होते, कारण जमिनीवर ती चपटी होते. झाडं उगवत नाहीत इतक्या उंचीवर मुक्काम असेल तर मी मॅट नेतेच.

१९. खांब, भिंत, गाडी यांना बांधलं तर चालतं का?

विटांचा किंवा दगडाचा खांब असेल तर अजिबात नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण असे खांब अंगावर कोसळून माणसं आणि मुलं दगावली आहेत. विटांचं बांधकाम वरून येणारं वजन पेलतं. आडवी ओढ पेलायला ते केलेलंच नसतं, आणि हॅमॉक आडवंच ओढतो (आकडे प्रश्न ५ मध्ये). कुंपणाचे खांब, कठडे, दगडी कमानी, सगळ्यांना हेच. गाडीच्या टपावरची जाळीही वरून ठेवलेल्या सामानासाठी असते, बाजूच्या ओढीसाठी नाही.

२०. वारा, विजा आल्या तर काय करायचं?

वाऱ्यासाठी हॅमॉक वाऱ्याला आडवा बांधा आणि त्या बाजूचा टार्प जमिनीपर्यंत ओढा. खुंट्या सैल जमिनीत निघून येत असतील तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा.

विजेच्या बाबतीत हॅमॉक किंवा तंबू काहीच संरक्षण देत नाही. गडगडाट ऐकू आला की बाहेर पडा आणि पक्क्या इमारतीत किंवा टप असलेल्या बंद गाडीत जा. शेवटचा गडगडाट होऊन ३० मिनिटं झाल्याशिवाय परतू नका. दोन्ही जवळ नसतील तर कडा, माथा, एकटं आणि उंच झाड सोडून सारख्या उंचीच्या ठेंगण्या झाडांच्या भागात थांबा. म्हणूनच वादळाचा अंदाज असेल तेव्हा माळावरच्या एकाकी जोडझाडाला मुक्काम ठेवायचाच नाही.

२१. हलण्याने डोकं गरगरतं. आणि रात्री उठायचं झालं तर?

बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत हॅमॉक आपोआप स्थिर होतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या प्रयोगात संथ हलत्या पलंगावर माणसांना लवकर आणि गाढ डुलकी लागली होती. पण तो पलंग यंत्राने एकसारखा हलत होता, त्यामुळे तेवढ्यावरून हॅमॉकची हमी देता येत नाही. त्रास होत असेल तर हॅमॉकच्या कडेपासून एक दोरी जमिनीतल्या खुंटीला बांधा, झोके थांबतात.

उठताना आधी पाय बाहेर, मग बूड कडेवर, मग उभं राहायचं. चढताना याच्या उलट: मधोमध पाठमोरं उभं राहून बसायचं, मग पाय आत. गुडघा आधी टाकणारा पलटी खातो. बूट उलटे करून रिजलाइनखाली, रोज त्याच जागी ठेवा, घालण्याआधी झटका.

२२. हॅमॉक आणि पट्टे कधी बदलायचे?

दर मुक्कामाआधी कापड उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोक वजनाखाली फाटत जातं, त्यामुळे झोपायच्या जागेत भोक असेल तर ठिगळावर विसंबू नका. पट्ट्याची कड पिंजली असेल, शिवण सुटली असेल किंवा रंग उडून कापड करकरीत झालं असेल तर बदला. ऊन नायलॉनला आतून खातं. दिवसभर बांधून ठेवायची सवय असेल तर टार्पच्या सावलीत ठेवा. ओला हॅमॉक पिशवीत कोंबून विसरू नका.

२३. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी झोप नीट लागत नाही.

पहिल्या दोन-तीन रात्री कुणालाच लागत नाही, शरीराला नवं अंथरूण समजायला वेळ लागतो. त्यानंतरही लागत नसेल तर एका रात्रीत एकच गोष्ट बदला. मी वही ठेवत असे: झाडांतलं अंतर, दोन्ही पट्ट्यांची उंची, रिजलाइनची लांबी, रात्रीचं तापमान, सकाळी कुठे दुखलं. सहाव्या रात्री पायाकडचं टोक एका तळव्याएवढं वर नेलं आणि मानेचं दुखणं गेलं. त्या दिवशी दोन्ही पट्ट्यांवर त्या मापाला लाल दोऱ्याचे टाके घातले. अंधारातही ते बोटाला लागतात, अजून तिथेच बांधते.